देवाची पाठ

खाडीकाठच्या एका गावात एक तेली राहायचा. त्याचं नाव हस्साजी. गावात तेव्हा रॉकेल आलेलं नव्हतं. घरात, देवळात, होडीवर, जिथे म्हणून दिवा लागे तिथे हस्साजीच्या घाण्याचंच तेल जळे. पहाटे घाण्याची कुरकुर सुरू झाली की बाया अंथरुणातून उठायच्या. पोरं खोबऱ्याच्या पेंडीचा तुकडा मागायला दारात येऊन उभी राहायची आणि हस्साजीला नाही म्हणणं कधी जमलं नाही. उंडीच्या बियांच्या तेलाचा तो उग्र वास आठवला की त्या गावची म्हातारी माणसं अजूनही त्या पहाटांच्या गोष्टी सांगू लागतात.

हस्साजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणात रुजलेला यहुदी होता. त्याच्या वाडवडिलांचं गलबत फार पूर्वी या किनाऱ्यावर फुटलं आणि पोथ्या समुद्रात गेल्या, असं घरात सांगत. उरलं ते आठवणीत होतं तेवढंच. शनिवारी घाणा बंद ठेवायचा. आणि देव एक आहे, हे विसरायचं नाही. रोज संध्याकाळी हस्साजी उजवा हात डोळ्यांवर ठेवून पूर्वजांच्या भाषेतली एक ओळ म्हणायचा. तिच्यातला ‘एक’ एवढाच शब्द त्याला कळायचा.

माणूस भला, पण भारी भित्रा. घाण्याचा बैल शिंकला तरी दचकायचा. त्याची बायको दिनाबाई हसायची, “अहो, बैल आहे तो. वाघ नव्हे!”

गावाच्या कडेला आगरवाडी होती. तिथले लोक मीठ पिकवायचे. चहूकडे खारं पाणी आणि गोड्या पाण्याची विहीर एकच. विहिरीच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, उंडीचं एक जुनं झाड होतं. झाडापर्यंतची जमीन विसाजी खोताची, झाडापलीकडची आगरवाडीची, असं सगळ्यांना ठाऊक होतं. एका वादळात ते झाड पडलं. खोताने बुंधा उपटला, जमीन सपाट केली आणि नारळ लावायला कुंपण घातलं. विहीर कुंपणाच्या आत गेली.

“झाड विहिरीच्या पलीकडे होतं,” खोत म्हणाला. “म्हणजे विहीर माझी.”

आगरवाडीचा म्हातारा पोशा पंचांकडे धावला. पंच म्हणाले, “दोन्हीकडचा नाही असा साक्षीदार आणा.” असा गावात एकच होता. हस्साजी लहानपणापासून त्या झाडाखाली उंडी वेचत आला होता. ठरलं, त्याने ग्रामदेवी कमळजाईच्या देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगायचं. तो सांगेल ते खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोत घाण्यावर आला. घाण्याची जागा खोताचीच होती. हस्साजीच्या बापाने तिथे घाणा रोवला होता आणि हस्साजीचा जन्मही तिथलाच. खोताने घाण्यावरून हात फिरवला.

“छान जागा आहे रे. तुझी राहावी असं मला वाटतं.”

हस्साजी दोन पावलं मागे सरला.

“घाबरतोस कशाला? तुम्हां लोकांचा देव एकच ना? मग कमळजाई तुझी कोण? तिच्या पायरीवर काही बोललास तरी तुला कसलं पाप?”

खोत गेला. हस्साजीने दिनाबाईला सांगितलं. तीही विचारात पडली. “म्हणतात ते खोटं नाही हो,” ती हळूच म्हणाली. “आपली ती देवी नव्हेच. आणि हा घाणा गेला तर जायचं कुठं?”

बोलणं बिनतोड होतं. हस्साजीला रात्री झोपही लागली.

सकाळी देवळापुढे गाव जमलं. आगरवाडीच्या बाया रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या. हस्साजीने पायरीवर हात ठेवला. दगड गार होता. तो दचकला. त्याच्यासाठी त्या पायरीला काही अर्थ नव्हता, तरी त्याने हात उचलून पुन्हा ठेवला.

पोशाला राहवलं नाही. “पंचांनू, ही देवी आमची. त्याला त्याच्या देवाची शपथ घाला ना.”

“नको, नको!” खोत घाईने म्हणाला. “देवीच बरी.”

लोक हसले. पंचांनी विचारलं, “का रे हस्साजी? तुझा देव कुठं असतो?”

सवयीने हस्साजीचा हात डोळ्यांवर गेला. तोंडून ती ओळ आली आणि शेवटच्या ‘एक’पाशी तो अडला. मिटल्या डोळ्यांपुढे झाड उभं राहिलं. बाप पुढे चालतोय, आपण ओच्यात उंडी भरतोय, मग तहान लागली म्हणून झाड मागे टाकून विहिरीकडे पळतोय, आणि पोशाची आई ओंजळीत पाणी ओततेय.

“झाड अलीकडे होतं,” तो म्हणाला. “विहीर पलीकडे. आगरवाडीची.”

“अरे, ही देवी तुझी नव्हे म्हणून सांगितलं होतं ना तुला!” खोत ओरडला, आणि काय बोलून गेलो ते कळून जीभ चावली.

हस्साजीने डोळ्यांवरचा हात खाली घेतला. “तेच तर, खोतसाहेब. दोन देव असते तर एकाच्या पाठीमागे लपून खोटं बोललो असतो. आहे एकच. त्याची पाठ कुठल्या बाजूला, तेच कळेना.”

कुंपण निघालं. आणि खोताने जागा सोडायला लावली, तसा घाणाही निघाला. आगरवाडीच्या लोकांनी तो खांद्यावर घेऊन होडीत चढवला. दिनाबाई बोचकी सांभाळत बसली. हस्साजी मात्र किनारा दिसेनासा होईपर्यंत रडत होता. पलीकडच्या गावात त्याने पुन्हा घाणा रोवला. इकडच्या गावात पहाट उजाडायची, पण मुकी.

वर्षं गेली. विसाजी खोत अंथरुणाला खिळला. दोन्ही मुलं वाटणीवरून एकमेकांचं तोंड बघेनात. खोताने त्यांना बोलावलं.

“वाटणी मी तोंडाने सांगतो. माझ्यामागे ती जशीच्या तशी सांगेल असा माणूस हवा. होडी पाठवा. हस्साजीला आणा.”

“त्या तेल्याला?” थोरला म्हणाला. “बाबा, तुम्हीच हाकललंत त्याला!”

“म्हणूनच म्हणतो. माझ्या भीतीपोटीही तो खोटं बोलला नाही. माझ्यावरच्या रागाने तरी कशाला बोलेल?”

होडी निघाली. मुलं दारात वाट पाहत उभी राहिली.

तात्पर्य: देव एक आहे असं मनापासून मानणाऱ्याला खोटं बोलायला आडोसा सापडत नाही, म्हणूनच त्याचा धर्म वेगळा असला तरी त्याच्या शब्दावर सगळ्यांना विसंबता येतं.