उजेडाची तार

“म्हणजे या तारेतून वीज जातच नाही?” तात्याबुवांनी विचारलं.

“नाही बुवा. नुसता उजेड जातो.”

“आणि आवाज?”

“आवाजाचे आकडे होतात, आकड्यांचा उजेड. पलीकडे या डबीत उजेडाचा पुन्हा आवाज होतो.”

बुवांनी ती तार बोटांत फिरवून पाहिली.

घाटावरच्या ओवरीत धुकं शिरलं होतं. नदीचा पलीकडचा काठ त्या सकाळी नव्हताच. कुणीतरी नावेतून बोलत चाललं होतं. नाव दिसत नव्हती, बोलणं तेवढं पाण्यावरून आलं आणि पुढे गेलं.

श्रीपाद पोंक्षे पुण्याहून आला होता. ध्वनिमुद्रण हा त्याचा व्यवसाय, आणि गाणं बुवांकडचं. गाडीतून त्याने आख्खा कॉम्प्युटर आणला होता, पडद्यासकट. शिवाय दोन स्पीकर, ती डबी आणि पिशवीभर केबली.

“बिऱ्हाडच हलवलंस की,” बुवा म्हणाले. “भांडी विसरलास वाटतं.”

श्रीपाद जरासं हसला. हात चालूच होते.

त्याची बायको कुंदा श्रावणात गेली. तीही बुवांचीच शिष्या. तिचं शेवटचं गाणं या कॉम्प्युटरात होतं, आणि लावलं की मागून सतत एक घरघर येई.

“साध्या तारेने दोन्ही यंत्रं विजेने बांधली जातात,” श्रीपाद म्हणाला. “तिथून घरघर शिरते. इतके महिने मी तिला त्यातूनच ऐकतोय. गिरणीच्या पलीकडे बसून कुणी गावं तशी. या केबलीने स्वच्छ येईल. तुम्ही फक्त ऐका आणि सांगा, ही कुंदाच ना.”

“तुला ओळखू येत नाही?”

“मला आता... सांगता येत नाही, बुवा.”

“पुण्यात तुझ्याएवढा कान कुणाला नाही म्हणतात.”

“नाहीच,” श्रीपाद म्हणाला. “त्यात खोटं काय?”

“काही नाही. कान तुझा पहिल्यापासून चांगला... आणि गळा?”

“गळा बंद आहे.”

“कधीपासून?”

“ती गेल्यापासून.”

बुवांनी शाल सारखी केली.

श्रीपादने केबलीच्या टोकावरचं इवलंसं टोपण काढलं. एक टोक कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या चौकोनी भोकात दाबलं. टक् असा आवाज झाला. दुसऱ्या मोकळ्या टोकाशी एक लाल ठिपका उमटला.

बुवांनी हात पुढे केला. ठिपका तळव्यावर आला. त्यांनी मूठ मिटली, तर तो मुठीवर बसला.

“यात ती आहे?”

“अजून नाही. अजून गाणं सुरूच केलेलं नाही.”

“मग हा उजेड कशाचा?”

“शांततेचा म्हणा. जोडणी असली की गाणं नसतानाही तो जात राहतो.”

“असं...” बुवा म्हणाले, आणि मूठ बाजूला घेतली.

श्रीपादने ते टोक डबीत बसवलं. गाणं सुरू केलं.

घरघर नव्हती.

आधी श्वास आला. मग कुंदा आली. तोडीतली एक ओळ, सावकाश, धुक्याला धक्का न लावता. ओवरीच्या खांबाशी कुणी येऊन बसावं इतक्या जवळ.

बुवांनी डोळे मिटले.

ओळ संपली आणि सगळं थांबलं. स्पीकरांतून काहीच येईना.

श्रीपाद झटकन उठला. केबल दाबून पाहिली.

कुंदा पुन्हा आली. ओळ आधीचीच, पण एका वळणाने पुढे नेलेली. पुन्हा सगळं थांबलं.

त्याने गाणं बंद केलं. केबल डबीतून उपसली, टोक मऊ फडक्याने पुसलं, तळहातावर धरलं. ठिपका होता.

“उजेड तर आहे,” तो पुटपुटला.

“काय शोधतोस?”

“आवाज तुटतोय, बुवा. जुन्या तारेत असं होत नव्हतं.”

“तेव्हा त्या जागी काय यायचं?”

“काय येणार... घरघर.”

बुवांनी डोळे उघडले.

“ही कुठली बैठक?”

“बैठक नाही. तुमच्याकडची तालीम. याच ओवरीतली, माघातली.”

“मी होतो?”

“तुम्ही सांगत होतात. ती म्हणायची, मग मी...”

श्रीपाद थांबला.

“मग तू कुठे आहेस यात?”

“काढला मी मला,” श्रीपाद म्हणाला. “तुम्हालाही काढलं. तंबोराही. सगळ्यांना वेगळे माइक होते, त्यामुळे सोपं गेलं. मला फक्त ती हवी होती.”

पाण्यावरून बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. बैल कुठल्या काठावर होता कळलं नाही.

“कुंदाच आहे,” बुवा म्हणाले. “माझ्याकडून हे ऐकायचं होतं ना? ऐकलंस. आता लाव.”

श्रीपादने केबल पुन्हा बसवली. गाणं पहिल्यापासून लावलं.

श्वास... मग ती ओळ. अगदी जवळून.

ओळ संपली.

श्रीपादचा हात सवयीने डबीकडे गेला. बुवांनी तो मनगटाशी धरला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

“केबल पक्की आहे,” ते म्हणाले. “ती थांबलीये... तुझी ओळ घे.”