दोन मुठींची करवत

"तुम्ही 'जाऊ नको' म्हणालात, तर जाईल का ती, बुवा?"

केरूबुवा सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"न्हाई जायची."

"मग म्हणा की!"

बुवांनी एक खडा वेचला, बाजूला टाकला, आणि पुन्हा सुपात बोटं घातली...

सर्जेराव वाट बघत बसले. वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तालुक्याच्या पेठेत त्यांचं हत्यारांचं आणि यंत्रांचं दुकान होतं, आणि ते त्यांनी तीस वर्षं निव्वळ जिभेच्या जोरावर चालवलं होतं. समोरचा माणूस गप्प बसला की त्यांना आलेलं गिऱ्हाईक हातचं चाललं असं वाटायचं.

"तिच्या आईची तुमच्यावर किती श्रद्धा होती ते तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पोरगी माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. सोमवारी तिला तिकडं मेळघाटात हजर व्हायचंय. वनरक्षक! आमच्या घरात कुणी जंगलात गेलंय का कधी? एवढं दुकान उभं केलं ते कुणासाठी?"

बुवांनी सूप पाखडलं.

मठ म्हणजे डोंगराच्या अंगाला एक पडवी, एक चूल आणि आत एक खोली. केरूबुवा मूळचे लाकूड कापणारे. चाळीस वर्षं घरांचे वासे आणि तुळया कापल्या, मग शरीर थकल्यावर इथं येऊन बसले. लोकांनीच त्यांना बुवा केलं. ते सांगत फारसं काही नसत, पण ऐकत मात्र सगळं.

ज्या पोरीबद्दल बोलणं चाललं होतं, ती वैजयंता, अंगणापलीकडं आडव्या पडलेल्या जांभळीपाशी उभी होती. वाऱ्यानं ते झाड उन्मळून झऱ्याच्या पायवाटेवरच पडलं होतं. ती वाकून त्याची साल निरखत होती.

बापलेक एकाच स्कूटरवरून बावीस किलोमीटर आले होते, आणि वाटेत एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. चहा ठेवला आहे हे ती कपाच्या आवाजानं सांगायची, आणि तो प्यायला हे ते कपाच्या आवाजानं कळवायचे.

"पिशवीत काय आणलंय?" बुवांनी विचारलं.

सर्जेरावांचा चेहरा खुलला. एवढं मोठं मागणं घेऊन रिकाम्या हातानं यायला ते काही खुळे नव्हते.

"तुमच्यासाठीच आहे. बघा तरी!"

त्यांनी पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. हातात मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं, पुढं वीतभर पातं आणि त्या पात्याभोवती दातेरी साखळी.

"साखळीची करवत. दुकानात आली की आठवड्यात संपते. नारळाच्या झावळ्या काढा, शेवगा छाटा, चुलीची लाकडं करा. घरच्या बायकासुद्धा चालवतात. हा चष्मा आधी डोळ्याला लावायचा. हे बटण धरलं, की हे दुसरं दाबायचं."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. चष्मा लावला. ऐंशी वर्षांच्या त्या चेहऱ्यावर तो चष्मा असा काही दिसला, की जांभळीपाशी उभ्या वैजूलाही हसू आवरेना.

बुवा उठून झाडापाशी गेले आणि त्यांनी एका फांदीला यंत्र टेकवलं. टर्रर झालं. फांदी खाली!

"आयला!" बुवा म्हणाले. "लोण्यागत की रं!"

त्यांनी दुसरी कापली. तिसरी कापली. मग साखळीला तेल कुठलं घालायचं, बॅटरी किती वेळ टिकते, दात बोथट झाले तर काय करायचं, सगळं खोदून खोदून विचारलं. सर्जेरावांना इतकं चांगलं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. आता बुवा आपलं काम करणार, असं त्यांच्या मनानं घेतलं.

बुंध्यापाशी मात्र यंत्र थांबलं. पातं वीतभर, बुंधा दोन वितींहून जाड.

"ह्याला पेट्रोलवरचं मोठं लागेल," सर्जेराव घाईनं म्हणाले. "उद्याच पाठवतो. सोबत माणूसही देतो."

"आणि आज वस्तीतल्या बाया पाणी भरायला कुठनं जाणार?"

बुवा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. गोणपाट सोडलं. आत पुरुषभर लांबीची करवत होती, दोन्ही टोकांना एकेक उभी लाकडी मूठ. पात्यावर तेलाचा हात होता आणि दात लख्ख होते.

"मी आणि माझा जोडीदार दौलू, आम्ही हिच्यावर तीस वरसं काढली. दौलू गेला. माझा खांदा गेला..." बुवांनी करवत बुंध्यावर ठेवली. "तुम्ही दोघं हायसा."

सर्जेराव बुवांकडं बघत राहिले. मग मुलीकडं न बघता म्हणाले, "तिला म्हणावं, त्या बाजूला जा."

तिघांत मिळून चार हातांचं अंतर होतं. बुवांनी निरोप पोचवला नाही. वैजू आपली आपणच त्या बाजूला गेली.

"एक सांगतो," बुवा म्हणाले. "आपल्याकडं ओढायची. ढकलायची न्हाई."

सर्जेरावांनी मान हलवली. पण मान हलवणं निराळं आणि हाताची खोड निराळी. दुकानातली हातकरवत पुढं ढकलली की कापते, हे ते तीस वर्षं गिऱ्हाइकांना करून दाखवत आले होते. त्यांनी करवत ओढली, आणि वैजूची पाळी येताच जोर लावून पुढं ढकलली. पातं मध्येच वाकलं, थरथरलं आणि लाकडात रुतून बसलं.

"ढकलू नको," बुवा म्हणाले.

पुन्हा सुरू झालं. दोन ओढी नीट गेल्या. तिसऱ्या वेळी पातं पुन्हा वाकलं.

"ढकलू नको रं."

"मी ढकलत नाही, बुवा. तिला मदत करतोय!"

बुवा जवळच्या दगडावर बसले.

"ती मागतीया का मदत?"

"मागत नाही. पण तिला एकटीला जमेल का? हात बघा तिचे."

वैजूनं आपले हात पाहिले. भरतीच्या चाचणीसाठी कित्येक किलोमीटर चालून आलेली ती पोरगी. तिनं मूठ पुन्हा घट्ट धरली.

"सर्जा," बुवा म्हणाले, "तिची पाळी आली की तू काय करायचं, सांगू?"

"सांगा."

"काही न्हाई."

"म्हणजे सोडून द्यायची मूठ?"

"सोडायची न्हाई. धरून ऱ्हायचं... आणि काही करायचं न्हाई."

सर्जेरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उभ्या जन्मात त्यांनी असली नोकरी कुणाला दिली नव्हती, की स्वतः केली नव्हती. तरी त्यांनी मूठ धरली.

वैजूनं ओढलं. त्यांचे हात तिच्या ओढीबरोबर पुढं गेले. नुसतेच गेले. मग त्यांनी ओढलं आणि तिचे हात त्यांच्याकडं आले. खर्र... खर्र... भुसा दोन्ही बाजूंनी पडू लागला. ओल्या जांभळीचा तुरट वास सुटला.

काप मिटू नये म्हणून बुवांनी वरून एक लाकडी पाचर ठोकली आणि पुन्हा जाऊन बसले.

आता करवत आपणहून चालल्यासारखी चालत होती. सर्जेरावांना नवल वाटलं. आपण निम्मं काम करतोय आणि काप मात्र दुपटीनं उतरतोय, हा हिशेब त्यांच्या डोक्यात बसेना. त्यांनी हळूच पोरीकडं बघितलं. कपाळावरचे केस घामानं चिकटले होते, खालचा ओठ दातांत धरलेला. तिची आई, इंदूही जात्यावर बसली की असाच ओठ धरायची.

"दमलीस?" ते म्हणाले.

तीन आठवड्यांतला तो पहिला शब्द होता. तोही तोंडातून निसटलेला.

"नाही आप्पा. तुम्ही?"

"छे!"

पण त्यांना धाप लागली होती. करवत थांबली. ते मुठीवर ओणवे झाले आणि भुशाच्या ढिगाकडं बघत राहिले...

"बुवा," ते हळू आवाजात म्हणाले. "दुकानाचं काही नाही. दुकान कुणीही चालवील."

बुवा ऐकत होते.

"घरात मी एकटा राहीन हो. तिची आई गेल्यापासून संध्याकाळी दुकान बंद केलं, की मी घरात दिवा दिसतो का ते आधी बघतो. दिवा दिसला की बरं वाटतं. आता कुलूप काढून मीच दिवा लावायचा... मला भ्या वाटतंय, बुवा."

नाकावर माशी बसू न देणारा माणूस. डोळे पुसायलाही त्यानं मूठ सोडली नाही. खांद्यालाच डोळे पुसले.

वैजू पलीकडं तशीच उभी होती.

"मला माहीत आहे, आप्पा," ती म्हणाली.

"माहीत आहे तर मग जातेस कशाला?"

"मला जायचंय म्हणून." तिचे शब्द ठाम होते. "तुम्हाला सोडून जायचंय असं नाही. मला तिथं जायचंय. लहानपणापासून जायचंय. मी हे तुम्हाला चारदा सांगितलं, आणि चारही वेळा तुम्ही दुकानाचंच बोललात. हे आजचं तुम्ही मला कधी सांगितलं होतं?"

सर्जेरावांनी बुवांकडं पाहिलं.

बुवा पायाशी पडलेल्या जांभळीच्या पानांवरची एक मुंगी बोटानं बाजूला करत होते.

"कापायचं ऱ्हायलंय अजून," ते म्हणाले. "पाळी पोरीची."

वैजूनं मूठ ओढली. सर्जेरावांनी धरून ठेवली आणि काही केलं नाही.

खर्र... खर्र...

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी आतून कडकड असा आवाज आला. तळाचे उरलेले धागे मोडले, बुंध्याचे दोन्ही तुकडे खाली बसले आणि वरच्या अंगानं एकमेकांना घट्ट भिडले. पाचर उडून बाजूला पडली. काप पुरा झाला, पण करवत खालच्या फटीत अडकून राहिली.

सर्जेरावांनी ती वर उचलून बघितली. निघेना. त्यांनी पाय रोवून आपल्याकडं ओढली, तर वैजूची मूठ लाकडाला येऊन अडली.

"आता?" ते म्हणाले. "पहार आणा, बुवा. लाकूड उचलू."

"पहार कशाला? तुझ्याकडची मूठ काढ."

"काढू? मोडेल की!"

"ती निघती. खालनं ठोक."

सर्जेरावांनी दगड घेतला. जन्मभर हत्यारं विकलेल्या त्या माणसाला ही मूठ निघते हे आज कळत होतं. त्यांनी खालून एक ठोका घातला. दुसरा घातला. मग दगड हातातच धरून थांबले. पलीकडं वैजू पात्याचा भार पेलून उभी होती, आणि ती त्यांना घाई करत नव्हती.

त्यांनी एकदा पोरीच्या हातांकडं पाहिलं.

मग त्यांनी तिसरा ठोका घातला. मूठ सुटून त्यांच्या हातात आली.

"ओढ," ते मुलीला म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "ओढ, वैजू. सावकाश ओढ, दात सांभाळून."

वैजूनं ओढली. एवढी लांब करवत तिच्या बाजूनं सळसळत निघून गेली. सर्जेरावांनी पात्याचं शेवटचं टोक लाकडात शिरून दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

तिघांनी मिळून वाटेवरचा तुकडा उताराकडं लोटला. वाट मोकळी झाली. वैजूनं पातं पुसून त्याला तेल लावलं, गोणपाटात गुंडाळलं आणि ते आत नेऊन ठेवलं.

अंगणात सर्जेराव हातातल्या मुठीकडं बघत उभे होते. 'तिला जाऊ नको म्हणा' असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. इथं आलो कशासाठी, हेही आता त्यांना नीटसं आठवायचं नव्हतं. त्यांनी मूठ बुवांपुढं धरली.

"हिचं काय करू, बुवा?"

बुवांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि तांदळात बोटं घातली.

"घरी घेऊन जा. ती सुट्टीला आली की दोघं मिळून बसवायला या."