काडीची वाटी

समुद्राच्या काठी एक घर. घरात राहायची चांगुणाबाय. चांगुणाबायची एक मांजर. मांजर कसली, नुसती काडी. म्हणून तिचं नावच पडलं काडी.

काडी खायची किती? तीन घास. मग उठायची. टुप टुप टुप. अंगणात एक फेरी मारायची. परत यायची. आणखी तीन घास खायची. पोट एवढंसं. एकदम भरतच नाही. त्याला ती तरी काय करणार?

पण चांगुणाबायच्या घरची रीत वेगळी. मांजर उठली, की वाटी कोंबडीची.

त्या दिवशी मासा होता आणि भात होता. गरम गरम. काडीने तीन घास खाल्ले. काडी उठली. टुप टुप टुप. फेरी मारून आली, तर काय? वाटीत कोंबडीची चोच. टक टक टक. वाटी रिकामी.

दुसऱ्या दिवशी रिकामी. तिसऱ्या दिवशीही रिकामी. काडीच्या बरगड्या दिसू लागल्या. पोट खपाटीला गेलं. काडीला फार वाईट वाटलं.

काडी म्हणाली, "चांगुणाबाय, चांगुणाबाय, वाटी भर ना."

चांगुणाबाय म्हणाली, "भात हाय गो. मासा नाय. नुसत्या भाताला तू तोंड लावत नाय. मासा आला, तर वाटी भरीन."

मासा आणते होडी. काडी निघाली. टुप टुप टुप. होडी वाळूत बसली होती.

"होडीताई, होडीताई, समुद्रात जा ना.
मासा येईना,
चांगुणा वाटी भरेना,
काडीचं पोट भरेना."

होडी म्हणाली, "रिकामी जाऊन काय करू? जाळं आलं, तर जाईन."

काडी निघाली. टुप टुप टुप. जाळं बांबूवर लटकलं होतं.

"जाळेदादा, जाळेदादा, होडीत चल ना.
होडी जाईना,
मासा येईना,
चांगुणा वाटी भरेना,
काडीचं पोट भरेना."

जाळं म्हणालं, "मला हे एवढं भोक. तांडेलबाबाने शिवलं, तर येईन."

तांडेलबाबा म्हणजे होडीचा म्हातारा मालक. काडी त्याच्याकडे निघाली. टुप टुप टुप. बाबा हात काखेत घालून बसला होता.

"तांडेलबाबा, तांडेलबाबा, जाळं शिव ना.
जाळं येईना,
होडी जाईना,
मासा येईना,
चांगुणा वाटी भरेना,
काडीचं पोट भरेना."

बाबा म्हणाला, "बोटं आखडली गो पोरी. थंडी किती हाय. ऊन पडलं, तर शिवीन."

काडी निघाली. टुप टुप टुप. खडकावर चढली. मान वर केली.

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन पाड ना.
बाबा शिवेना,
जाळं येईना,
होडी जाईना,
मासा येईना,
चांगुणा वाटी भरेना,
काडीचं पोट भरेना."

सूर्य म्हणाला, "हा ढग बघ. माझ्या तोंडावरच बसलाय. ढग हटला, तर ऊन पाडीन."

काडीने मान आणखी वर केली. मान दुखली.

"ढगोबा, ढगोबा, बाजूला हो ना.
ऊन पडेना,
बाबा शिवेना,
जाळं येईना,
होडी जाईना,
मासा येईना,
चांगुणा वाटी भरेना,
काडीचं पोट भरेना."

ढग म्हणाला, "मला काय पाय आहेत? वारा आला, तर हटेन."

काडी निघाली. टुप… टुप… टुप. पाय लटपटत होते. सुरूच्या झाडांत वारा झोपला होता. घुर्र घुर्र.

"वारोबा, वारोबा, ऊठ ना.
ढग हटेना,
ऊन पडेना,
बाबा शिवेना,
जाळं येईना,
होडी जाईना,
मासा येईना,
चांगुणा वाटी भरेना,
काडीचं पोट भरेना."

वारा डोळे मिटूनच म्हणाला, "मी दमलोय. मला कुणी हलवलं, तर हलेन."

काडीने विचारलं, "वाऱ्याला कोण हलवतं?"

"कुणीच नाही," वारा म्हणाला. आणि त्याने कूस बदलली.

झालं. आता जायचं कुणाकडे? पुढे समुद्र, मागे वाळू. विचारायला कुणी उरलंच नाही. काडी मटकन खाली बसली.

"माझं असंच होणार," काडी म्हणाली. "मी बारीक बारीक होत जाणार. मग एक दिवस मी दिसणारच नाही."

तिला रडायचं होतं. पण रडायलाही बळ नव्हतं. तिने नुसता एक उसासा सोडला. फू…

सुरूचं एक पान हललं. ते वाऱ्याच्या नाकाला लागलं. वारा जागा झाला.

"कोणी घातली ही फुंकर?"

"मी," काडी म्हणाली.

"तू? एवढीशी? आणि उपाशीपोटी?"

वाऱ्याला लाज वाटली. तो उठला. सूं सूं सूं.

वारा आला,
ढग हटला,
ऊन पडलं,
बाबाने शिवलं,
जाळं आलं,
होडी गेली,
मासा आला. पिवळीधमक मांदेली.

चांगुणाबायने काटे काढले. गरम भातात मासा कुस्करला. वाफ आली. वास आला. वाटी भरली.

काडीने खाल्ला एक घास. दुसरा घास. तिसरा घास. आणि काडी उठली. टुप टुप टुप.

चांगुणाबायने कपाळावर हात मारला. "बस? एवढ्यासाठी सगळा गाव हलवलास?"

तिचा हात वाटीकडे गेला. कोंबडी धावत आली. पक पक पक.

काडी दारात थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाय, मी उठले. पण माझं झालं नाही. मी परत येते. रोज परत येते. रोज वाटी रिकामी असते."

चांगुणाबाय खाली वाकली. तिने काडीला उचललं. हाताला नुसत्या बरगड्या लागल्या.

"अगो बाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला नको झालं. मीच गो तुला उपाशी ठेवली."

तिने टोपली आणली. कोंबडीवर पालथी घातली. कोंबडी आत कुरकुरली. कुरकुरू दे. वाटी तिथेच राहिली.

काडी फेरी मारून आली. वाटीत भात होता. तिने तीन घास खाल्ले. पुन्हा फेरी. पुन्हा तीन घास. संध्याकाळपर्यंत असंच चाललं. रोज असंच चाललं. हळूहळू बरगड्या दिसेनाशा झाल्या.

अजून थोडा भात उरलाय. बाळांनो, वाटी कुणी उचलू नका. काडी येते आहे. टुप टुप टुप.