बद्द वाजलेला रुपया

"हे नक्की खोटं?"

"नक्की, बाबा. डोळे मिटून सांगतो."

लतीफबाबांनी रुपया तळहातावर घेतला. राणीछाप. वरच्या कडेला डाग देऊन, झाळून कडी बसवलेली, कडीत विटका काळा दोरा. कुणीतरी गळ्यात घालून घालून राणीचं नाक पार झिजलं होतं.

बाबांनी उभा जन्म चांदीकामात घालवला आणि आता ते ओढ्याकाठच्या दर्ग्याच्या पायरीवर बसून असायचे. दिगंबर पोतदार त्यांच्याकडं पारख शिकायला आला होता. शिकायला कसला, आपल्याला किती येतं ते दाखवायला. घराण्यात सात पिढ्या नाण्यांची पारख, आणि याचा कान असा तयार की पठ्ठ्या पाठमोरा बसून, नाणं फरशीवर पडल्याबरोबर खरं-खोटं सांगायचा. बाबांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "तुला अगदी पक्कं ठाऊक असलेलं एक खोटं नाणं घेऊन ये. मग बघू."

तो हे घेऊन आला होता.

"कुणाचं?"

"आईचं."

"ती काय म्हणते?"

"गेली, बाबा. दिवाळीनंतर. तिच्या पेटीत चिंधीत बांधलेलं सापडलं."



"पारखलंस कधी?"

"सोळाव्या वर्षी. चुलत्यांच्या हाताखाली नुकता तयार झालो होतो. ओसरीवर चार माणसं बसलेली. आईच्या गळ्यातला रुपया मागून घेतला आणि टाकला फरशीवर. बद्द वाजला." दिगंबर हसला. "आई म्हणाली, तुझ्या बापानं दिलाय रे, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत. मी म्हटलं, मग बाप फसला."

"बाप काय म्हणाला?"

"ते मी पाच वर्षांचा असतानाच गेले."

"मग?"

"मग काय... परत घातला नाही तिनं. कुणी विचारलं, गळा असा मोकळा का, तर सांगायची, खोटा होता, आमच्या दिगूनं ओळखला. कौतुकानं सांगायची."

हे सांगताना त्याचा आवाज अजूनही फुलत होता.

बाबांनी कडीतला दोरा सोडून मांडीवर ठेवला. लोबानाची शेगडी पुढं ओढली. रुपया चिमट्यात धरला आणि फुंकणीनं निखारे फुलवले.

"कडी कशानं बसवलीय?"

"कथलाचा डाग दिलाय. द्यावाच लागतो, त्याशिवाय कडी राहील कशी?"

"डाग दिलेलं नाणं वाजतं का रे?"



पोतदारांकडं यायची ती सुटी नाणी. दागिना दाखवायचा तर लोक सोनाराकडं जात. कडी लावलेला रुपया दिगंबरनं जन्मात एकदाच वाजवून पाहिला होता.

"मी... कधी विचारलंच नाही कुणाला."

कथील पाघळलं. कडी सुटून राखेत पडली. बाबांनी नाणं चिंधीनं पुसलं, तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पायरीच्या दगडावर टाकलं.

खण्ण...

आवाज ओढ्यापर्यंत गेला असावा. पाणी भरणारी एक बाई वळून बघायला लागली.

"पुन्हा टाका, बाबा."

बाबांनी पुन्हा टाकलं. तसंच वाजलं.

दिगंबर पायरीवर बसला. त्याला रडू आवरेना, आणि आवरायचा प्रयत्नही त्यानं केला नाही.

"बाप गेल्यावर तिच्या अंगावरचं सगळं उतरवलं, बाबा. तेवढा रुपया राहिला होता. तो मी काढला... आणि ती वीस वर्षं माझं कौतुक सांगत फिरली."

लोबानाचा धूर वर जात राहिला.

बऱ्याच वेळानं दिगंबरनं राखेत हात घालून कडी शोधली. बोटं भाजली, तरी त्यानं ती सोडली नाही.

"कडी परत बसवून द्या. होता तसा करून द्या."

"बसवतो की..."

बाबांनी मांडीवरचा काळा दोरा उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"गळा कुठाय?"