अकरा झाडांची चव

कोकणातल्या एका वाडीत येसू नावाचा एक लाकूडतोड्या राहत होता. शब्दाचा पक्का. एकदा काम अंगावर घेतलं की ते पुरं केल्याशिवाय थांबायचा नाही.

त्या गावचे खोत वारले आणि त्यांची आमराई शहरात वाढलेल्या पुतण्याकडे, भार्गवरावांकडे आली. आमराईत रायवळ आंब्याची अकरा जुनी झाडं होती. फळं लहानमोठी, काही वेडीवाकडी, काही डागाळलेली. भार्गवरावांना तिथे नवी कलमं लावायची होती. एका मापाची, एका रंगाची, पेटीत शोभून दिसतील अशी फळं त्यांना हवी होती. त्यांनी येसूला झाडं तोडायला सांगितली आणि मजुरी म्हणून निम्म्या फळ्या देऊ केल्या. येसूच्या घराचं दार वाळवीने खाल्लं होतं, पावसाळा तोंडावर होता. त्याने आनंदाने होकार दिला.

आमराईची राखण भागाबाई नावाची म्हातारी करायची. तिने येसूला अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "ज्याला तोडायचं, त्याचं एक फळ आधी खा. मग घाल कुऱ्हाड."

अट सोपी होती. पहिल्या झाडाचा आंबा लिंबाएवढा. येसूने तो चोखला आणि कोपरापर्यंत ओघळलेला रसही चाटला. हे झाड शेवटी तोडू, असं म्हणून तो दुसऱ्याकडे वळला. त्याच्या कैरीने दात आंबले. भागाबाईने सांगितलं, हिचं लोणचं दोन वर्षं करकरीत राहतं. तिसऱ्याची साल काळवंडलेली, पण गराला कापराचा वास. चौथ्याचा रस उन्हात वाळवून केलेली साठं मधासारखी होत. दिवस मावळला, अकरा झाडं संपली, आणि दोन फळांची चव काही सारखी निघाली नाही. कुऱ्हाड खांद्यावरून उतरलीच नव्हती.

येसू टोपली भरून नव्या खोतांकडे, भार्गवरावांकडे गेला. "मी शब्द मोडतोय, खोत. मला फळ्या नकोत. ही झाडं माझ्या हातून तुटायची नाहीत."

भार्गवराव रागावले. दुसरा माणूस आणीन म्हणाले.

"आणा. पण आधी तुम्ही खा. जे तुमचं आहे, ते तुम्ही अजून चाखलेलं नाही."

भार्गवरावांनी नाखुशीने एक आंबा उचलला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी बाह्या सारल्या आणि ओसरीवर मांडी घालून बसले. टोपलीचा तळ दिसला तेव्हा ते हळूच म्हणाले, "हे सगळं माझ्याच आमराईत होतं?"

नवी कलमं पलीकडच्या उघड्या माळावर लागली. येसूने तो पावसाळा दाराला माडाच्या झावळ्यांचा झाप लावून काढला. पुढे लांबलांबच्या गावांतून लोक त्या अकरा झाडांच्या काड्या कलमासाठी मागायला येऊ लागले. कुठल्या चवीसाठी कुठल्या झाडाची काडी द्यावी, हे भार्गवराव येसूलाच विचारत.

तात्पर्य: रूप एका नजरेत कळतं, गुण चाखावा लागतो, म्हणून जुन्यावर घाव घालण्याआधी त्याची चव घ्यावी.