डोंगरधारेवरची जाळरेषा

पूर्वी विंध्याच्या पायथ्याशी सुमित्र नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व पळसखेट नावाच्या रानातल्या गावी जन्मले आणि जाणते झाल्यावर त्या गावाचे ग्रामणी झाले. ग्रामणी म्हणजे गावाचा कारभारी. भांडणे मिटवायची, राजाचा वाटा पोचवायचा आणि रानाची राखण करायची, एवढे त्याचे काम. त्या जन्मी त्यांचे नाव भद्रक होते.

त्याच गावात वेणुका नावाची एक विधवा राहत असे. तिचा नवरा भद्रकांचा धाकटा चुलतभाऊ, म्हणून ती त्यांना भाऊजी म्हणे. घरात माणसे दोनच, ती आणि तिची म्हातारी सासू गोमा. गोमेचे डोळे गेले होते, दात गेले होते, जीभ मात्र जागेवर होती. दोघींचे पोट मोहाच्या एका झाडावर चाले. झाड एकच, पण डेरेदार. त्याची फुले वाळवून, कुटून, मूठभर वरीत घालून शिजवली की पावसाळ्यापर्यंत चूल पेटती राही.

पळसखेटात मोहाची झाडे घराघराला वाटून दिलेली होती. चैत्रात पहाटे फुले गळत, आणि ज्याच्या झाडाखाली पडतील ती त्याची. परक्याच्या झाडाखाली न विचारता वेचणारा चोर आणि विचारून वेचणारा भिकारी, असे ते लोक मानत. उपाशी राहतील पण दुसऱ्याच्या झाडाखाली वाकणार नाहीत, असा त्यांचा ताठा. आणखी एक रीत होती. फुलांचा बहर यायच्या सुमारास झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचा. जमीन काळी, स्वच्छ होते आणि तीवर पिवळे फूल लांबूनही दिसते. सासवांनी सुनांना हेच शिकवले आणि त्या सुना सासवा झाल्या तेव्हा त्यांनीही हेच शिकवले. कधी काही बिघडले नव्हते. पाचोळ्याखाली माती ओली असे, आग थोडी चालून आपली आपण बसे.

मग अवर्षण आले. एक वर्ष पाऊस नावापुरता पडला, दुसऱ्या वर्षी तेवढाही नाही. वरी उगवली नाही. ओहोळात दगड तेवढे राहिले. झाडांनी पाण्यावाचून वेळेआधीच पाने टाकली आणि रानात गुडघाभर पाचोळा साचला.

पौषात एकदा भद्रक रानातून येताना वाकले आणि त्यांनी पाचोळ्यात कोपरापर्यंत हात घातला. हात कोरडाच वर आला. ओल नाही, गांडूळ नाही, कुजल्या पानाचा वाससुद्धा नाही. ते तसेच गावात आले आणि त्यांनी माणसे जमवली.

"यंदा मोहाखाली कोणी आग लावायची नाही," ते म्हणाले. "पाचोळा खराट्याने लोटायचा. आणि फाल्गुन सरायच्या आत काळ्या कड्यापासून ओहोळापर्यंत, डोंगराच्या धारेवरून जाळरेषा काढायची. पान, गवत, काटकी, काही ठेवायचे नाही. नुसती माती. उभे झाड आडवे पडले तरी त्याचा शेंडा पलीकडे पोचू नये, इतकी रुंद."

"वणवा कुठे आहे, ग्रामणी?" एकाने विचारले. "आधी धूर तरी दाखवा."

"धूर दिसल्यावर रेषा काढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे."

"घरापेक्षा अंगण मोठे!" मागून कोणी म्हणाले, आणि लोक हसले. हसले तरी कामाला लागले, कारण ग्रामणी स्वतः खराटा घेऊन सगळ्यांच्या पुढे गेले होते.

रेषा निघू लागली तेव्हा एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. भद्रकांची मोहाची राई, गावातली सगळ्यांत मोठी, धारेच्या पलीकडच्या उतारावर होती. रेषा गावाला आत घेत होती आणि राईला बाहेर टाकत होती. त्यांची बायको सुलसा घरी बोललीच.

"अहो, रेषा थोडी खालून नेली असती तर आपली राई आत आली असती."

"आग चढाला धावते आणि माथ्यावर येऊन दम खाते. तिला अडवायची जागा माथाच. खालून रेषा काढली तर राई आत येईल, आणि तिच्यामागून आगही येईल."

"म्हणजे जगाची झाडे आत आणि आपली उन्हात. हातचे सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात ते हेच." सुलसा एवढे म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी बांधून रेषेवर गेली.

वेणुकेचे झाडही बाहेरच पडले होते. राईच्याही खाली, बांबूच्या बेटाला लागून. तिला वाटले, भाऊजींचे काय, ते राई देऊन टाकतील तरी ग्रामणी ते ग्रामणीच राहतील. माझे झाड गेले तर माझे काय राहील?

भद्रक तिच्या दारी आले. "वेणुके, गावालगत माझे एक झाड आहे, रेषेच्या आत. यंदा त्याखाली तू वेच. खाली बेटाजवळ जाऊ नकोस."

वेणुका उत्तर देण्याआधी आतून गोमेचा आवाज आला. "भद्रका, भीक घालायला आलास होय रे? माझा लेक गेला, पण त्याचे झाड उभे आहे अजून!"

वेणुकेने मान खाली घातली. "माझे मी बघते, भाऊजी."

"मग पाचोळा लोटायला माणसे देतो."

"माणसे रेषेवर असू द्या. माझे मी बघते म्हटले ना."

भद्रकांनी आग्रह केला नाही. जाताना दाराशी आपला खराटा तेवढा ठेवून गेले.

वेणुकेने खरोखरच पाचोळा लोटला. हातांना घट्टे पडेपर्यंत लोटला. पण बेटातून वारा सुटे आणि सकाळी लोटलेले संध्याकाळी परत येऊन बसे. चैत्र लागला, पहिली फुले गळाली ती पानांत हरवली. ती चाचपून चाचपून वेची, तोवर रानडुकरे उरलेली खाऊन जात.

"टोपलीचा आवाज पोकळ येतोय गं," गोमा म्हणे.

"पानांत फूल सापडत नाही, आत्याबाई."

"कसे सापडेल? माझ्या सासूने या कामाला खराटा धरला नाही, कोलीत धरले. मीही कोलीतच धरले. भद्रकाच्या आईनेसुद्धा. तेव्हा कुणाचे रान जळले? सांग की!"

पोट आणि सासू एकाच बाजूने बोलू लागली की तिसऱ्याचे ऐकू येत नाही.

एके सकाळी वारा पडला होता. वेणुकेने टोपलीत राखेखाली निखारा नेला. झाडाभोवतालची पाने मागे ओढून तिने गोल कडे केले, हाताशी हिरवी डहाळी ठेवली आणि मग निखारा टाकला. सगळे शिकवल्यासारखे केले. आग शहाण्यासारखी बुंध्याभोवती फिरली आणि बसली. जमीन काळी झाली. वरून एक फूल टपकले, अगदी डोळ्यांत भरेल असे. वेणुकेला हायसे वाटले. ते उचलायला ती वाकली.

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. मोठी नव्हे, घामावर बरी वाटावी एवढीच. एक जळते पान त्या गोल कड्याबाहेर उडाले आणि बेटात पडले.

वेणुका डहाळी घेऊन धावली. एकीकडे झोडपले की दुसरीकडे पेटे. खालची माती ओली असती तर आग बसली असती, पण आग बसायला ओल कुठे होती? बघता बघता बेट पेटले आणि बांबूची पेरे धडाधड फुटू लागली. तो आवाज गावात गेला.

गाव रेषेवर धावले. धारेवरून खाली पाहिले तर बेटातून ज्वाळा उठत होत्या आणि धूर चढाने वर येत होता. मध्ये होती ती भद्रकांची राई, अजून हिरव्या पालवीची, खाली गुडघाभर पाचोळा.

"चला!" माणसे म्हणाली. "खाली उतरून झोडपू. ग्रामणींची राई अजून वाचेल."

"कोणी रेषा ओलांडायची नाही," भद्रक म्हणाले. "ती तुमच्यापेक्षा वेगाने चढते." मग त्यांनी वाऱ्याकडे पाहिले, राईकडे पाहिले. राईतला पाचोळा एकदम पेटला असता तर जळकी पाने रेषेवरून उडून गावाच्या बाजूला पडली असती. त्यांनी हात पुढे केला. "मला कोलीत द्या."

कोणाला समजेना. आगीला मना करणारा माणूस आग मागत होता. समजले ते सुलसेला. "अहो, राई..." एवढेच ती म्हणाली. मग तिनेच चकमक झाडून वाळल्या फांदीचा शेंडा पेटवला आणि पुढे केला.

भद्रकांनी फांदी घेतली, आणि थांबले. धुरात खाली काहीतरी हालत होते. राईच्या खालच्या टोकाला एक बाई, काखेत टोपली तशीच धरून, डहाळीने जमीन झोडपत होती.

त्यांनी फांदी सुलसेच्या हाती परत दिली. "मी वर आल्याशिवाय लावू नकोस," ते म्हणाले, आणि ज्या रेषेवरून त्यांनी कोणाला उतरू दिले नव्हते, तिच्यावरून स्वतः उतरले.

वेणुकेने त्यांना येताना पाहिले. ते शिव्या देतील, मारतील असे तिला वाटले. ते जवळ आले आणि म्हणाले, "टोपली टाक."

"भाऊजी, तुमची राई..."

"टोपली टाक आणि चल."

तिने टोपली टाकली. त्यांनी तिचे मनगट धरले आणि दोघे वर चढू लागली. मागून ऊन नव्हे, भट्टीच येत होती. वेणुकेच्या लुगड्याचा काठ करपला, भद्रकांच्या पाठीवर निखारे पडले, ते त्यांनी झटकले नाहीत. झटकायला हात रिकामा नव्हता. एका हातात तिचे मनगट आणि दुसऱ्या हाताने झाडांचे बुंधे धरीत ते चढले. ते त्यांच्याच राईतले बुंधे होते. त्यांच्या आजाने लावलेले.

रेषेवर पाऊल पडताच ते वळले, सुलसेकडून फांदी घेतली आणि आपल्याच मोहाखालच्या पाचोळ्याला लावली. पुढे सरकून पुन्हा लावली. राईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, जसा कोणी पेरणी करतो तशी त्यांनी आग लावली. ती आग वाऱ्याविरुद्ध, उताराने, हळूहळू खाली गेली. खालून मोठी आग वर आली. दोघी मध्ये भेटल्या, आकाशाएवढ्या उठल्या, आणि मग खायला काही उरले नाही म्हणून बसल्या. रेषेवर ठिणग्या पडल्या त्या नुसत्या मातीवर विझल्या. आतले रान, आतले गाव, आतली गुरे जशी होती तशी राहिली.

राई काळी झाली. वेणुकेचे झाड तर दिसेनासेच झाले.

संध्याकाळी गाव बसले. रान जाळणाऱ्याला सीमेबाहेर घालावे, कोणी त्याला पाणी देऊ नये, असा जुना दंड होता. वेणुका एका बाजूला बसली होती. तिला विचारायचे काही नव्हते. धूर कोणत्या झाडाखालून उठला ते सगळ्यांनी पाहिले होते. कोपऱ्यात गोमा बसली होती. सून सीमेबाहेर गेली तर तिला पाणी देणारे कोणी राहत नव्हते.

"बाहेर घाला," लोक म्हणाले. "ग्रामणी, तुम्ही सांगितले होते. सगळ्यांनी ऐकले, तिने नाही."

भद्रकांच्या पाठीला सुलसा कोरफड लावीत होती. ते म्हणाले, "दंड काय आहे? रान जाळणाऱ्याला बाहेर घालावे. आज या रानात दोघांनी आग लावली. तिने एका झाडाखाली लावली, मी अख्ख्या राईखाली. घालायचे तर दोघांना घाला. मोठ्या गुन्हेगाराला आधी."

तेव्हा मागचा तो माणूस, ज्याने अंगणाची थट्टा केली होती, तो म्हणाला, "मग रेषा कोण राखील?"

"तेच विचारायचे होते," भद्रक म्हणाले. "आग कशी सुटते हे या गावात आता वेणुकेइतके कोणालाच ठाऊक नाही. रेषा तिच्या हाती द्या. आणि यंदा कोणाचे झाड कोणाचे, हे राहू दे. रेषेच्या आत जे फूल पडेल ते भुकेल्याचे. माझ्याही घरी आता एकच झाड आहे. मीही तुमच्या झाडांखाली वाकणार आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रामणी टोपली घेऊन परक्याच्या झाडाखाली वाकले. त्यांना पाहून सुलसा वाकली. मग वेणुका आली. तिच्यामागे पदर धरून गोमा आली, आणि चाचपत खाली बसली. तिच्या हाताला एक फूल लागले. ते तिने तोंडात टाकले आणि म्हणाली, "परक्याचे असले तरी गोडच आहे मेले."

पुढे पाऊस आला. राईतल्या काही खोडांना बुडातून फूट आली, काहींना आली नाही. वेणुका म्हातारी होईपर्यंत दर माघात खराटा घेऊन धारेवर जात राहिली, आणि ती गेल्यावर दुसऱ्या कोणीतरी तो उचलला. भद्रक आयुष्य सरल्यावर आपल्या कर्मानुसार पुढच्या गतीला गेले.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, त्याला एक निमित्त झाले होते. संघात एक वृद्ध थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, होती. थंडी सरली की ती विहाराभोवतालचा पाचोळा रोज खराट्याने लांबवर लोटत जाई, जिथे कोणाचे पाऊलही पडत नाही तिथपर्यंत. एक तरुण भिक्षुणी तिला हसली आणि म्हणाली, "घरापेक्षा अंगण मोठे." थेरीलाही आपण असे का करतो ते सांगता येईना.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या जन्मीची सुलसा म्हणजे राहुलाची माता. ते गावकरी म्हणजे आजची ही सभा. वेणुका म्हणजे ही थेरी. जन्म विसरला, पण हात विसरले नाहीत. गोमा म्हणजे आज जी हसली ती. आणि भद्रक ग्रामणी तो मीच होतो. या गुणाला अप्रमाद म्हणतात. धूर दिसण्याआधी जो जागा असतो तो अप्रमादी, आणि ज्याची जाग दुसऱ्यासाठी असते त्याचा अप्रमाद हीच करुणा."

हे ऐकून ती तरुण भिक्षुणी उठली आणि खराटा शोधू लागली. विहारात खराटा एकच होता, आणि तो घेऊन थेरी केव्हाच बाहेर गेली होती.