धुरपाक्काच्या अंड्याचं मोल

फार वर्षांपूर्वी, हिवरतळ्याला धड वाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावात धुरपाक्का नावाची एकटी बाई होती. तिनं कोंबड्या पाळल्या त्या हौसेनं, बरं का. पण हौस सरली आणि काम तेवढं उरलं. उजाडताच खुराडं झाडायचं, कण्या विकत आणायच्या, दिवसभर घारीवर डोळा ठेवायचा. मानमोडीची साथ आली की अर्धं खुराडं रिकामं.

आणि गावाला अंडी हवीत फुकटच्या भावात! "तुझं काय जातंय? कोंबड्या उकिरड्यावर तर चरत्यात," जो तो म्हणे, आणि बाई भिडेपोटी देई. शेवटी कण्यांनाही पैसे उरेनात. या बाजारी नीट भाव आला नाही, तर सगळ्या कोंबड्या खाटकाला द्यायच्या, असं तिनं ठरवलं. ती रडली नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

बाजारात पाटलांचा कारभारी म्हादबा आला आणि म्हणाला, "पैशाला चार."

"मग मला काय पडतं ते तोलूनच बघा," धुरपाक्का म्हणाली. शेजारच्या दाणेवाल्याचा तराजू घेऊन तिनं एका पारड्यात एक अंडं ठेवलं. पारडं खाली टेकलं. म्हादबानं दुसऱ्यात मूठभर कण्या टाकल्या. अंडं हलेना. शेरभर टाकल्या, पायलीभर टाकल्या. कुणी धावत जाऊन तिच्या खुराड्याच्या कामट्या आणून टाकल्या. तरी हलेना. सगळा बाजार घासाघीस विसरून उभा राहिला, असं म्हणतात.

"आता काय राहिलं?" म्हादबानं विचारलं.

"मी राहिले की," असं म्हणून धुरपाक्कानं आपला भेगाळलेला हात पारड्यात टेकवला. अंडं अलगद वर आलं. दोन्ही पारडी समान झाली.

म्हादबा वरमला. "आक्का, तू सांगशील तो भाव." पण तिला भाव सांगण्याचंही त्राण नव्हतं. ती तिथंच तरटावर आडवी झाली आणि तीन दिवस झोपली. तेवढे दिवस गावानं पाळीपाळीनं तिच्या कोंबड्या सांभाळल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी गावानं कंबर धरली, असं म्हणतात.

आजही हिवरतळ्यात अंडी घेताना आधी भाव विचारत नाहीत. आधी म्हणायचं, "दमलीस का, आक्का?" मग सांगतील तेवढे पैसे मुकाट्यानं द्यायचे. विकायला कुणीही बसलेलं असो, प्रश्न धुरपाक्कालाच असतो. तिला तो कधी कुणी विचारलाच नव्हता.